सर्व्हर पहाटे घोरतो : फॅनची वॉर्निंग जाऊन जाऊन परत येत असेल तर

आमच्याकडे इंदूरला रामबागेत गच्चीवरच्या खोलीत एक टॉवर सर्व्हर आहे, सेकंडहँड घेतलेला, चार हार्ड डिस्क, त्यात घरातले सगळे फोटो, बाबांनी कॅसेटवरून उतरवून घेतलेली गाणी, माझ्या कामाचा बॅकअप आणि मावशीच्या मुलाचं काय काय (विचारलं की म्हणतो अभ्यासाचं आहे). दोन वर्षं शहाण्यासारखा चालला आणि मग मागच्या डिसेंबरपासून फॅनची वॉर्निंग द्यायला लागला. ती मी चार वेळा घालवली आणि तीन वेळा ती परत आली, आणि गंमत म्हणजे चारही वेळा मेसेज अगदी सारखा आणि कारण मात्र वेगळं. शोधायला गेलं की सगळीकडे दोनच सल्ले मिळतात, धूळ साफ करा नाहीतर फॅन बदला, आणि माझं दोन्ही करून झालेलं होतं, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू.

लक्षण असं की समोरचा लाल दिवा लुकलुकतो, फॅन अचानक मिक्सरसारखे जोरात फिरतात, दहा-पंधरा सेकंदांनी गप होतात, मग अर्ध्या मिनिटाने परत जोरात. कोणीतरी झोपेत श्वास घेतंय असा आवाज. आणि लॉगमध्ये "फॅन, लोअर क्रिटिकल, गोइंग लो, असर्टेड" (म्हणजे फॅनचा वेग खालच्या मर्यादेच्या खाली गेला) आणि लगेच खाली "डीअसर्टेड" (म्हणजे परत वर आला), अशा जोड्याच्या जोड्या.

हा लॉग कुठला ते आधी सांगते. सर्व्हरच्या बोर्डावर बीएमसी नावाचा एक वेगळा छोटासा कॉम्प्युटर असतो, मेन सर्व्हर बंद असला तरी प्लगला करंट आहे तोवर हा जागाच असतो. फॅन किती फिरतात, कुठे किती गरम झालंय हे तो बघतो आणि लिहून ठेवतो. त्याच्याशी बोलायची पद्धत म्हणजे आयपीएमआय, १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून काढलेली, म्हणजे म्हातारी गोष्ट आहे पण अजून चालते. लिनक्सवर आयपीएमआयटूल टाकायचं आणि "आयपीएमआयटूल एसईएल ईलिस्ट" म्हटलं की घटनांची वही उघडते, "आयपीएमआयटूल सेन्सर" म्हटलं की आत्ताचे आकडे आणि मर्यादा. (कमांड मी इथे आपल्या अक्षरांत लिहितेय, टर्मिनलमध्ये अर्थातच त्या इंग्रजीत टाकायच्या.) ही वही लहान असते हे लक्षात ठेवा, भरली की बऱ्याच बोर्डांवर नवीन नोंद होतच नाही, माझी अशीच एकदा भरून बसलेली आणि मी समजत होते की प्रॉब्लेम गेला. आधी फाइलमध्ये सेव्ह करा, मग "एसईएल क्लिअर" करा.

तर मी वही वाचली. सगळ्या नोंदी २२:४० च्या आसपासच्या. २२:३०, २२:४०, २२:५२, अशा. आणि आमच्याकडे सगळ्यांच्या फोन-लॅपटॉपचा बॅकअप रात्री साडेदहाला सुरू होतो. म्हटलं सापडला चोर, डिस्क एकदम कामाला लागतात, गरम होतात, फॅनवर ताण येतो. बॅकअप उचलून दुपारी दोनला टाकला. दुसऱ्या दिवशी वहीत परत २२:४०.

मग धूळ. साइड पॅनल काढलं, ब्लोअर मारला, इतकी धूळ निघाली की लाज वाटली. इंदूरचा २०१७ ला स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिला नंबर आला तेव्हापासून आम्ही बाहेर कचरा टाकणाऱ्याला रस्त्यात थांबवून बोलतो आणि घरात सर्व्हरच्या आत हे. ब्लोअर मारताना एक सांभाळा, फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने फॅन गरगर फिरला की बघायला मजा येते पण तो त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी वर जातो आणि बेअरिंगची वाट लागते. साफसफाई झाली, सगळं चकाचक, रात्री २२:३८ ला परत नोंद.

आणि बाबा सकाळी चहा पिताना म्हणाले, "अगं, तुझं ते यंत्र पहाटे घोरतं."

मी म्हटलं, "बाबा, पहाटे नाही, रात्री साडेदहाला होतंय ते, लॉगमध्ये लिहिलंय."

"साडेदहाला मी जागाच असतो. तेव्हा गप असतं. पहाटे चारला उठलो की घोरत असतं."

मी त्यांना लॉग दाखवायला लॅपटॉप उघडला आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. बीएमसीचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं. आपण साडेपाच तास पुढे. २२:४० म्हणजे आपल्याकडे पहाटे ४:१०. दोन आठवडे मी बॅकअपच्या मागे लागले होते आणि बॅकअप बिचारा त्या वेळी झोपलेला. तर काहीही करायच्या आधी "आयपीएमआयटूल एसईएल टाइम गेट" करून घड्याळ बघून घ्या, आणि नोंदीची वेळ आपल्या वेळेत करून मगच डोकं चालवा. मला तर आता वाटतं फॅनच्या वॉर्निंगमध्ये सगळ्यात कामाची माहिती वेळ हीच असते, ती कधी येते आणि कधी येत नाही.

कारण पहाटे चार म्हणजे दिवसातली सगळ्यात थंड वेळ. जानेवारीत आमच्याकडे रात्रीचा पारा आठ-दहापर्यंत उतरतो, गच्चीवरची खोली तर तिन्ही बाजूंनी उघडी, आत मी मोजलं तर तेरा अंश. आणि फॅनची वॉर्निंग म्हटलं की आपल्या डोक्यात पहिला शब्द येतो गरमी. उलटंच होतं. थंडीमुळे येत होती.

कसं ते सांगते. बीएमसी तापमान बघून फॅनला कमी-जास्त करतो. चार पिनच्या फॅनमध्ये एक पिन ग्राउंड, एक १२ व्होल्ट, एक टॅक, म्हणजे फॅन आपण किती फिरतोय ते त्या तारेवरून कळवतो, एका फेरीला दोन पल्स, आणि चौथी पीडब्ल्यूएम, जिच्यावरून बोर्ड त्याला सांगतो किती जोरात फिर. (तीन पिनच्या फॅनला ही चौथी नसते.) खोली थंड, सर्व्हर रिकामा, म्हणून बीएमसी म्हणतो आरामात फिर. फॅन आरामात फिरायला लागतो आणि इतका आरामात की बीएमसीनेच ठरवलेल्या खालच्या मर्यादेच्या खाली जातो. मर्यादेच्या खाली गेला की त्याच बीएमसीला वाटतं फॅन मेला, म्हणून तो घाबरून सगळे फॅन फुल करतो. फुल झाले की वेग वाढतो, अलार्म मिटतो, मग परत आरामात, परत खाली, परत घबराट. हेच ते घोरणं. फॅन ठणठणीत, तापमान उत्तम, भांडण फक्त एका आकड्याचं.

मग दोन वर्षं हे का झालं नाही? कारण दिवाळीच्या साफसफाईत मीच पुढचा फॅन बदलला होता. जुना फार आवाज करायचा, आईची तक्रार होती, म्हणून जेल रोडवर जाऊन नवीन १२० मिलिमीटरचा आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकदम सायलेंट है, पता ही नहीं चलेगा चल रहा है।" अगदी खरं बोलला, बीएमसीलाही पत्ता लागला नाही. जुना सर्व्हरवाला फॅन कमीत कमी वेगाला सुद्धा मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वर फिरायचा, हा नवीन घरगुती फॅन जास्तीत जास्त दीड हजार आणि कमीत कमी चारशे. नोव्हेंबरात खोली उबदार होती तेव्हा तो सातशे-आठशेवर फिरत राहिला आणि काही झालं नाही, थंडी पडल्यावर खाली आला. मधे पाच आठवडे गेले म्हणून फॅन बदलणं आणि वॉर्निंग यांचा संबंध माझ्या डोक्यातच आला नाही. तुम्ही पण आठवून बघा, मागच्या दोन-तीन महिन्यांत काय बदललं.

आता उपाय. "आयपीएमआयटूल सेन्सर" च्या यादीत फॅनच्या ओळीत आत्ताचा वेग आणि पुढे मर्यादा दिसतात, खालच्या बाजूला तीन, नॉन-रिकव्हरेबल, क्रिटिकल, नॉन-क्रिटिकल. माझ्याकडे ३००, ५००, ७०० होत्या आणि फॅन पहाटे ४०० वर. मग ही कमांड,

आयपीएमआयटूल सेन्सर थ्रेश "फॅन १" लोअर १०० २०० ३००

आकड्यांचा क्रम हाच, सगळ्यात खालचा आधी, मी पहिल्यांदा उलटा टाकला होता आणि बसला नाही. फॅनच्या नावात स्पेस असेल तर अवतरण चिन्हात टाका. आणि माझ्यासारख्या बोर्डावर १५०, २२५ असले आकडे टाकत बसू नका, कारण आत सेन्सरची किंमत आठ बिटमध्ये बसवलेली असते, म्हणजे ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या, माझ्या बोर्डावर एक पायरी १०० आरपीएमची (म्हणजे मिनिटाला १०० फेऱ्यांची), दुसऱ्या बोर्डावर ७५ किंवा १४० ची असू शकते, तुम्ही मधला आकडा दिला तर तो जवळच्या पायरीवर जाऊन बसतो आणि तुम्हाला वाटतं कमांड चालली नाही.

किती खाली ठेवायचं? फॅन पहाटेच्या थंडीत खरोखर किती खाली जातो ते दोन-तीन रात्री लिहून घ्या. काही फॅनच्या डेटाशीटमध्ये कमीत कमी वेगाच्या पुढे वीस टक्के कमी-जास्त असं स्वच्छ लिहिलेलं असतं, तेवढी जागा सोडा आणि अजून थोडी. पण शून्य ठेवू नका. मला एका ओळखीच्याने हेच सांगितलं होतं, शून्य कर आणि झोप. मग फॅन खरोखर बंद पडेल तेव्हा कोण सांगणार? बदलल्यावर टेस्ट पण करा, चालू फॅनच्या मधल्या गोल भागावर पेन्सिलची मागची बाजू हलकेच टेकवून चार-पाच सेकंद थांबवा आणि वहीत नोंद होते का बघा. हे फक्त मोठ्या, हळू फॅनला, ते छोटे ४० मिलिमीटरचे जेट विमानासारखे फॅन असतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. कनेक्टर उपटून टेस्ट करण्यात अर्थ नाही, कारण काही बोर्ड मग त्या जागी "एनए" दाखवतात, म्हणजे इथे फॅनच नाही असं समजून गप्प बसतात.

आणि ज्यांचा सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉपच आहे, बीएमसी वगैरे काही नाही, त्यांच्यासाठी. हेच भांडण बायोसमध्ये (मशीन सुरू होताना आधी चालतो तो बोर्डाचा प्रोग्रॅम) होतं, सुरू करताना "सीपीयू फॅन एरर" येऊन मशीन तिथेच अडतं. बऱ्याच बायोसमध्ये फॅनच्या खालच्या वेगाची मर्यादा असते, ती २०० किंवा ३०० वर आणा. लिनक्समध्ये एलएम-सेन्सर्स टाकून "सेन्सर्स-डिटेक्ट" चालवा, बोर्डावर नुवोटॉन कंपनीची सेन्सर चिप असेल तर बहुधा एनसीटी६७७५ मॉड्यूल (ड्रायव्हर) लागतं, आयटीई असेल तर आयटी८७. मग फॅनचा वेग, त्याची मिनिमम आणि अलार्म सगळं दिसतं, आणि मिनिमम कॉन्फिगमध्ये लिहून "सेन्सर्स -एस" केलं की लागू होते. फॅनचा वेग सांभाळणारा फॅनकंट्रोल प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याचा एक त्रास माहीत असू द्या, बूट झाल्यावर एचडब्ल्यूमॉनचे (लिनक्स सेन्सरच्या चिपना देतो ते) नंबर कधी कधी बदलतात, काल जी चिप एचडब्ल्यूमॉन२ होती ती आज ३, मग फॅनकंट्रोल म्हणतो तुमचं कॉन्फिग जुनं झालं, परत पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालवा, आणि सुरूच होत नाही. मावसभावाच्या मशीनवर कर्नल अपडेट झाला की दर वेळी हे व्हायचं आणि तो दर वेळी फॅन उघडून पुसायचा.

बरं, मर्यादा बदलल्या, घोरणं थांबलं, बाबांनी पण पावती दिली. फेब्रुवारीत एकदा मेंटेनन्ससाठी सकाळभर लाइट बंद होती, यूपीएस वीस मिनिटं टिकला आणि गेला. दुसऱ्या पहाटे परत घोरणं. यादी बघितली तर मर्यादा परत ३००, ५००, ७००. म्हणजे माझ्या बोर्डाच्या बीएमसीचा करंट पूर्ण गेला की तो दिलेलं सगळं विसरतो आणि कंपनीचे आकडे आणतो. काही बोर्ड लक्षात ठेवतात, पण फर्मवेअर अपडेट किंवा बीएमसी रीसेट केल्यावर तेही विसरू शकतात. मी ती थ्रेशवाली कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्ये टाकली आणि सिस्टमडीची (लिनक्स सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम सुरू करतो तो) वनशॉट सर्व्हिस केली, दर बूटला चालते, आधी तीस सेकंद थांबते कारण बीएमसीला उठायला वेळ लागतो. तेव्हापासून या कारणाने एकदाही आली नाही.

आता मार्च. या महिन्यात वॉर्निंग आलीच नाही आणि खरं तर यायला पाहिजे होती, म्हणून सांगते. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) बघायला घरातली सगळी पोरं गेली, तोफेतून उडवलेला गुलाल अंगभर घेऊन आली आणि आईने खाली घरात घेतलं नाही म्हणून गच्चीवर जाऊन कपडे झटकले. सर्व्हरची खोली गच्चीवर, दार उघडं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सहज डिस्कचं तापमान बघितलं तर रोजच्यापेक्षा सात अंश वर. फॅन अगदी नीट फिरत होते, आरपीएम रोजचाच. समोरची जाळी गुलाबी झालेली, तिच्यातून हवाच जात नव्हती. गुलाल इतका बारीक असतो की धुळीसारखा गोळा होऊन पडत नाही, जाळीवर लिंपल्यासारखा बसतो. म्हणजे बघा, आरपीएम सांगतो पातं फिरतंय, हवा जातेय की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून फॅनच्या वॉर्निंगच्या जोडीला डिस्कचं तापमान बघत चला. लिनक्स ५.६ पासून ड्राइव्हटेम्प नावाचं मॉड्यूल आहे, ते लोड केलं की डिस्कचं तापमान "सेन्सर्स" मध्येच येतं, नाहीतर स्मार्टसीटीएल ही कमांड आहेच. नुसता आकडा नका बघू, खोलीपेक्षा किती वर आहे ते बघा. मे महिन्यात इथे बाहेर ४२ असतं, माझी खोली ३६-३७, डिस्क ४६ दाखवते, म्हणजे फरक नऊ-दहा, ठीक आहे. जानेवारीत खोली १५ आणि डिस्क ३५ असेल तर आकडा दिसायला छान पण फरक वीस, तिथे काहीतरी अडलंय. डेटाशीटमध्ये डिस्क ६०-६५ पर्यंत चालते असं लिहिलेलं असतं पण मी पन्नासच्या वर जाऊ देत नाही.

जाळीवर मी आता जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावलाय, मळला की काढून धुते. हवा कुठून कुठे जाते ते बघायला अगरबत्ती लावा, धूर पुढून आत आणि मागून बाहेर जायला पाहिजे. माझा एक फॅन वर्षभर उलटा लावलेला निघाला या टेस्टमध्ये. फॅनच्या ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

एप्रिलमध्ये परत वॉर्निंग, या वेळी मागच्या फॅनची आणि भर दुपारची. पहिल्यांदा मी लगेच मर्यादा खाली करायला बसले, सवयच लागली होती. मग म्हटलं थांब, दुपारी तर फॅनने जोरात फिरायला पाहिजे, मर्यादेच्या खाली जाईलच कसा? बीएमसी त्याला फुल फिर म्हणत होता आणि तो नऊशेच्या वर जातच नव्हता, महिन्यापूर्वी फुलला अठराशे द्यायचा. हे मात्र खरं दुखणं. हळू आणि आजारी यांतला फरक असा ओळखायचा, फॅनला मुद्दाम फुल करा आणि बघा स्वतःच्या पूर्ण वेगाला पोचतो का. पोचला तर फॅन बरा आहे, आकड्याचं बघा. नाही पोचला तर फॅन गेला.

बाबांची एक पद्धत आहे, पेचकसाचं (स्क्रूड्रायव्हरचं) टोक फॅनच्या फ्रेमला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, डॉक्टरच्या नळीसारखं. चांगल्या फॅनचा नुसता सूंऽऽ ऐकू येतो, याच्यात चणे भाजल्यासारखं कडकड ऐकू येत होतं. फ्रेमला हं, पात्याला नाही. मग सर्व्हर बंद करून बोटाने फिरवला, दुसरे फॅन टिचकी मारली की तीन-चार गिरक्या घेतात, हा अर्ध्यात थांबला. स्लीव्ह बेअरिंगवाला स्वस्त फॅन होता, त्याच्यातलं तेल गरमीने सुकतं.

आई म्हणाली दोन थेंब खोबरेल सोड. कृपा करून नका सोडू. खोबरेल तेल २४-२५ अंशाच्या खाली थिजतं, थंडीत बाटली चुलीपाशी ठेवावी लागते हे तिलाच सगळ्यात जास्त माहीत, फॅनच्या आत ते मेणासारखं बसेल. शिलाई मशीनचं तेल चालतं. मागचा स्टिकर अर्धा सोलायचा, खाली रबराचं बूच असेल तर काढायचं, एकच थेंब, बूच लावायचं, स्टिकर तेलकट झाला तर चिकटत नाही म्हणून आधी पुसून घ्यायचं. माझा फॅन त्याच्यानंतर साडेसोळाशेला पोचला आणि दीड महिना चालला. म्हणजे तेल हा नवीन फॅन आणेपर्यंतचा जुगाड आहे, इलाज नाही.

नवीन आणायला परत जेल रोड, या वेळी अक्कल घेऊन गेले. बॉल किंवा फ्लुइड बेअरिंग, चार पिन, आणि स्टिकरवर किती अँपियर ते वाचून. बोर्डाच्या एका फॅन हेडरवर (फॅनची तार जिथे लावतात त्या पिना) साधारण एक अँपियरपर्यंत चालतं, जास्त ओढणारा फॅन किंवा स्प्लिटर लावून तीन-तीन फॅन एका हेडरला दिले तर हेडर जळू शकतो. कमीत कमी आरपीएम किती ते डब्यावर बघितलं, दुकानदार वैतागला, आजवर त्याला हे कोणी विचारलं नव्हतं म्हणे. येताना सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला, ते या पोस्टमध्ये बसत नाही पण खाल्ला.

शेवटची खेप जुलैची. आणि हे सगळ्यात वेडं प्रकरण होतं कारण आकडे बघूनच हसू यायचं, फॅन १३००, मग ०, मग ४८००, मग १३००. पंधराशेचा फॅन अठ्ठेचाळीसशे कसा फिरेल? फॅन डोळ्यासमोर एकसारखा फिरत होता. असे उड्या मारणारे आकडे दिसले की फॅनला हात लावू नका, तार बघा. पुढचे दोन फॅन मी एका स्वस्त स्प्लिटरवर दिले होते आणि त्यात दोघांच्या टॅकच्या तारा एकत्र जोडलेल्या निघाल्या, दोघे एकाच वेळी आपापला वेग सांगतायत, बीएमसी काय मोजणार. आधी दोन्ही फॅन बरोबरीने फिरत असतील म्हणून खपून गेलं असावं, पावसाळ्यात कनेक्टरची पिन पण जरा हिरवी पडली होती त्याने अजून भर. बरा स्प्लिटर असतो त्यात दुसऱ्या फॅनच्या प्लगमध्ये टॅकची पिनच नसते, चारऐवजी तीनच दिसतात. तोच आणला. पण मग दुसरा फॅन बंद पडला तर बीएमसीला कळणारच नाही हेही खरं, त्याची तार बीएमसीपर्यंत पोचतच नाही. म्हणून बोर्डावर हेडर रिकामा असेल तर प्रत्येक फॅनला स्वतःचा हेडर द्या, स्प्लिटरच्या फंदात पडू नका. आणि फॅन सरळ पॉवर सप्लायच्या मोठ्या चार पिनच्या प्लगवर अडॅप्टर लावून दिला असेल तर टॅक येतच नाही, बोर्डाला कायम शून्य दिसतो किंवा काहीच दिसत नाही.

आता माझ्याकडे दर पाच मिनिटांनी सगळ्या फॅनचा वेग, पीडब्ल्यूएम किती टक्के, डिस्कचं आणि खोलीचं तापमान एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलं जातं, क्रॉनची (लिनक्समध्ये ठरल्या वेळी कामं चालवतो तो) चार ओळींची स्क्रिप्ट आहे, ग्राफ वगैरे काही नाही. फोनवर मेसेज येतो तो दोन रीडिंग लागोपाठ खराब असतील तरच, एकट्या चुकार आकड्याला नाही. त्याच फाइलमुळे परवा दिसलं की मागचा नवीन फॅन साठ टक्क्यांना आधी बाराशे द्यायचा तो आता साडेअकराशे देतोय. अजून वॉर्निंग नाही. बाबांना म्हटलं तर पेचकस घेऊन वर गेले आणि येऊन म्हणाले, "अजून नाही घोरत. पण घसा खाकरतोय."